उत्तर: सारसाच्या पोटातले फ्लूक

भाऊ, तुम्ही वर म्हटलं की सारसाच्या पोटात फ्लूक निघाले म्हणजे त्यानंच मेला, तळ्यात जंताचं औषध टाका. असं नाही होत ना बाप्पा! हे पानासारखे चपटे कृमी जंगली पाणपक्ष्यांत थोडेफार राहतेतच, पक्षी आधीच उपाशी नाहीतर आजारी असला तर मात्र भारी पडते. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, त्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरते, तिथं एकाचे शेकडो होऊन बाहेर पडतात, मग बरेचसे मासोळीत नाहीतर बेडकात जाऊन बसतात अन् ते खाल्लं की पक्ष्यात. रक्तातले फ्लूक तर थेट कातडीतून घुसतात. धानाच्या रोवणीत बांधीच्या पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांवर लाल पुरळ येऊन खाज सुटते, त्यातली काही बदकाच्या रक्तातल्या अशाच फ्लूकची, माणसात ते कातडीतच मरतात.

अन् तळ्यात प्राझिक्वांटेल (फ्लूकवरचं जंताचं औषध) टाकलं तर कोणत्या पक्ष्याला किती डोस गेला हे कसं समजणार? गोंदिया-भंडाऱ्याकडं सारस मेला की पहिले विजेची तार अन् धानावरची फवारणी बघा. मेलेल्याला हात लावू नका, वनविभागाला फोन करा, लिव्हरचा नमुना विषाच्या तपासणीला पाठवायला सांगा, अन् पोस्टमॉर्टेममध्ये फ्लूक किती, कुठं, लिव्हर किती खराब ते लिहून मागा.