लायसन्स म्हणजे परवानाच का?

प्रश्न (दादर): मोबाइलच्या चिपवरून चाललेल्या पेटंट-खटल्यांवरचा लेख मराठीत करतेय. पेटंट तसंच ठेवलंय, कारण 'एकस्व' कोशाबाहेर फारसं कुणी वापरत नाही. रॉयल्टीला स्वामित्वधन. अडलंय ते लायसन्सपाशी. 'परवाना' चालेल ना?

उत्तर (गिरगाव): चालेल की. वाहनाचा परवाना, दुकानाचा परवाना, तसाच हा.

उत्तर (परळ): मला इथे तो नको वाटतो. परवाना म्हटलं की देणारं सरकार डोळ्यांपुढे येतं, म्हणजे पालिका नाहीतर आरटीओ. इथे सरकारचं काम पेटंट देण्यापुरतं (आपल्याकडे १९७० च्या कायद्याने, २० वर्षांसाठी). पुढे तो शोध कुणाला वापरू द्यायचा, किती पैशांत, हे दोन कंपन्या आपसात ठरवतात. नाही जमलं की कोर्ट.

डिसेंबर २०१४ चा शाओमीचा खटला बघा. पेटंट मोडल्याच्या एरिक्सनच्या (स्वीडनची दूरसंचार कंपनी) दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने फोनच्या विक्रीवर आणि आयातीवर मनाई हुकूम काढला. काही दिवसांतच खंडपीठाने तात्पुरती मोकळीक दिली, पण क्वालकॉम या अमेरिकन कंपनीची चिप असलेल्या फोनांपुरतीच. क्वालकॉमने एरिक्सनकडून लायसन्स घेतलेलं आहे, असं शाओमीचं म्हणणं होतं. वर फोनमागे १०० रुपये कोर्टात भरायचे. क्वालकॉमच्या चिपवरचा रेडमी १एस विकता येत होता. मीडियाटेकच्या चिपवरचं रेडमी नोटचं थ्रीजी मॉडेल अडकलं. आता याला 'विनापरवाना फोन' लिहिलंत, तर लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार बिलाविना आलेला माल समजेल. मी 'वापरहक्क' लिहीन.

दादर: मग क्वालकॉमचं 'नो लायसन्स, नो चिप्स' हे धोरण कसं लिहू? 'आधी वापरहक्काचा करार, मग चिप'?

परळ: छान. चिपची किंमत वेगळी आणि रॉयल्टी वेगळी, हे त्यात लगेच कळतं. भांडण त्यावरच होतं, कारण रॉयल्टी चिपच्या नव्हे, अख्ख्या फोनच्या किमतीवर आकारली जायची. अमेरिकेच्या एफटीसीने (व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) २०१७ मध्ये क्वालकॉमवर दावा लावला, २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२० मध्ये अपिलात फिरला. स्वामित्वधन मात्र काढाच. महसूल खात्यात ते वाळू-मुरुमाचं, सरकारजमा होणारं. रॉयल्टी सगळ्यांना कळते.

गिरगाव: वापरहक्क पटला. पण 'परवानाधारक' हा तयार शब्द हातचा जातो, त्याचं काय?

परळ: 'हक्क देणारी कंपनी', 'हक्क घेणारी कंपनी'. लांबतं खरं, पण पैसे कोणाकडून कोणाकडे जातात यात गफलत होत नाही.