मुदतपूर्व जुळी: एक बाळ आधी घरी येणार असेल तर तयारी कशी करावी?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावरील बाबा

नमस्कार. माझ्या पत्नीची प्रसूती ३१व्या आठवड्यात झाली असून आमची जुळी बाळे, मुलगी आणि मुलगा, पुण्यातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आहेत. जन्मतः मुलीचे वजन १,५५० ग्रॅम आणि मुलाचे १,२८० ग्रॅम होते. आता तीन आठवडे होत आले. मुलगी काचेच्या पेटीतून बाहेर आली आहे, बोंडल्याने दूध घेते आणि तिचे वजन वाढते आहे. मुलाला मात्र अजून नळीनेच दूध द्यावे लागते आणि त्याचा श्वास मध्येच थांबत असल्याने कॅफीन चालू आहे. मुलीला आठवडाभरात घरी सोडता येईल, मुलाचे आताच काही सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी काल सांगितले.

दोघे एकदमच घरी येतील असे धरून आम्ही सर्व आखणी केली होती. आता मुलीजवळ कोण थांबणार, मुलाकडे कोण जाणार आणि दोघांना दूध कसे पुरवायचे, हा मोठाच गुंता झाला आहे. घर दोन खोल्यांचे आहे आणि डिसेंबरची थंडी पडली आहे. खरेदीच्या याद्या पुष्कळ मिळतात, परंतु खरोखर काय लागते आणि रुग्णालयात असतानाच काय शिकून घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: कोथरूडची आई

माझ्या जुळ्या मुलीही लवकर जन्मल्या आणि त्यांनाही वेगवेगळ्या दिवशी घरी सोडले होते, म्हणून लिहिते. सर्वप्रथम, “दोघांना एकदमच सोडा” असा आग्रह धरू नका. जे बाळ घरी येण्याजोगे झाले आहे, त्याला रुग्णालयात ठेवण्यात संसर्गाचा धोका आहे, खर्च आहे आणि दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. उलट एका बाळाची निगा राखण्यात हात बसला, की दुसरे आल्यावर धांदल निम्म्याने कमी होते. मुलाला आपण मागे सोडले असे तुमच्या पत्नीला वाटेल. ते समजावून जाणार नाही, त्यामुळे तिचा रोज एक वेळ तरी रुग्णालयात जाण्याचा नेम मोडू देऊ नका आणि त्या वेळेत मुलीजवळ कोण असेल ते आधीच ठरवून ठेवा.

दुधाचे गणित असे बसते. मुलीला पाजून झाले, की लगेच मुलासाठी दूध काढायचे. दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध निघाले पाहिजे आणि रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण स्तन रिकामे होतील तसे दूध वाढते. रुग्णालयाने दिलेल्या निर्जंतुक डबीवर आईचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी, डबी फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावी आणि नेताना बर्फाच्या पिशव्या घातलेल्या छोट्या पेटीतून न्यावी. किती तासांपर्यंतचे दूध चालेल, याबाबत प्रत्येक विभागाचा नियम असतो. तो विचारून घ्या. ही ने-आण बाबांनी करावी. सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीत आईने दोनदा हेलपाटा घालणे म्हणजे दोन वेळचे दूध बुडवणे होय.

दूध कमी पडले तर पावडरीकडे वळण्यापूर्वी दात्या मातांच्या दुधाची चौकशी करा. भारतातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली; पुण्यात ससूनमध्ये अशी पेढी आहे. हे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

खरेदीविषयी थोडक्यात सांगायचे, तर तुळशीबागेतील झबली या बाळांना गळ्यातून खांद्यावर उतरतात. पुढून बांधायची मऊ सुती झबली, टोपडी, मोजे आणि धुतलेल्या जुन्या साडीची दुपटी पुरेशी आहेत. डिजिटल तापमापक, भिंतीवर लावायचा खोलीचा तापमापक, बोंडल्यांचे दोन संच आणि ती उकळायला वेगळे पातेले एवढे मात्र आणाच. घरात वजनकाटा आणू नका. रोज वजन करून माणूस वेडा होतो.

उत्तर: निवृत्त परिचारिका, हडपसर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शिकून घेण्याच्या गोष्टींविषयी लिहिते.

मुलीला सोडण्याच्या आधीचे एक-दोन दिवस आईला तिच्याबरोबर रुग्णालयातच राहू द्यावे, अशी मागणी करा. परिचारिका हाकेच्या अंतरावर असताना सर्व काही स्वतः करून पाहिले, की शंका तिथेच फिटतात. बोंडल्याने पाजताना बाळ अर्धवट बसते धरावे आणि दूध ओठाच्या कोपऱ्याशी थोडे थोडे सोडावे. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्यामुळे अंगावर पाजण्याची घाई नको आणि आळसही नको.

कांगारू पद्धत तुम्ही दोघांनीही शिका. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालून उघड्या छातीवर उभे ठेवायचे, मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवायची आणि वरून कपडा बांधायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशींनुसार हे दिवसाचे ८ ते २४ तास, जितके जमेल तितके करावे. बाबांनी बटणांचा सैल सदरा घालून जावे. मुलाची प्रकृती स्थिर असेल तर त्याच्यासाठीही विभागात तशी परवानगी मागता येते.

झोपवण्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. आमच्या विभागात बाळे पालथी ठेवलेली तुम्ही पाहिली असतील. तिथे मॉनिटर लावलेला असतो. घरी नेहमी उताणेच झोपवावे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय, आणि पुढे मुलगा आल्यावर दोघांना वेगवेगळ्या जागी. झोळी तूर्त नको, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि अशक्त बाळाचा श्वास अडतो.

औषधांत जुळ्यांच्या घरी हमखास घोटाळा होतो. लोह आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची मात्रा वजनानुसार व बाटलीनुसार बदलते. ड जीवनसत्त्वाच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० एकके असतात, तर काहींत ८००. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली, की अर्धी किंवा दुप्पट मात्रा जाते. बाटली हातात घेऊन “यातले किती मिलिलिटर?” असे विचारावे आणि तेच तिच्यावर लिहून ठेवावे. दोघांच्या बाटल्या, सिरिंज आणि वह्या वेगळ्या असाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावीच लागते. तुमच्या मुलीची सुट्टी आणि ही मुदत एकाच सुमारास येत आहे. मुलगा आत असल्याने त्याची तपासणी तिथेच होईल. घरी गेलेल्या बाळाची राहून जाते. दोष वाढलेला आढळल्यास लेझर किंवा इंजेक्शनचा उपचार काही दिवसांतच करावा लागतो आणि बाहेरून डोळे पाहून काहीही कळत नाही. कानांची तपासणीही विचारून घ्या. लसी जन्मतारखेनुसार द्यायच्या. मान धरणे, हसणे, पालथे पडणे यांचा हिशेब मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून करायचा.

प्रश्नकर्ता

दोघींचे मनःपूर्वक आभार. डोळ्यांच्या तपासणीची मुदत आम्हाला खरोखर ठाऊक नव्हती, उद्याच विचारतो. आणखी दोन अडचणी आहेत. सोलापूरहून आलेल्या सासूबाईंनी शेगडी, धुरी, मालीशवाली बाई, घुटी आणि बारसे असे सर्व योजले आहे आणि त्यांना दुखवायचे नाही. दुसरे म्हणजे, कोणत्या वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे?

उत्तर: शनिवार पेठेतील आजी

मी तुमच्या सासूबाईंच्याच वयाची आहे, म्हणून त्यांच्या बाजूने सांगते. त्यांना नुसते “हे करू नका, ते करू नका” असे म्हणाल, तर त्यांनी एवढ्या लांबून येऊन करायचे काय? त्यांना काम द्या. कांगारू पद्धत आजीलाही करता येते. मी नातवाला रोज दुपारी तशी छातीशी घेऊन बसत असे आणि मालीशचा विषय मी स्वतःच सोडून दिला. बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, वेळेवर गरम जेवण आणि रात्री बोंडली उकळणे, ही सारी त्यांचीच खाती.

बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी मात्र पूर्ण बंद. ही फुप्फुसे आत्ताच कुठे नीट काम करू लागली आहेत. खोली २६ ते २८ अंश ठेवायला तेलाचा विजेवरचा हीटर पुरतो. घुटी नको, मध नको, कानानाकात तेल नको, काजळ नको. अंघोळीऐवजी डॉक्टर सांगेपर्यंत अंग पुसून घ्यावे. हे सर्व जावयाने सांगण्यापेक्षा सासूबाईंना एकदा रुग्णालयात नेऊन डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे, म्हणजे घरात वाद उरत नाही.

बारसे अपेक्षित प्रसूतीच्या तारखेनंतर, दोघांचे एकदम करा. तोवर पाहुण्यांना दारातूनच चहा द्यावा आणि खोकणाऱ्याला तोही देऊ नये.

उत्तर: निवृत्त परिचारिका, हडपसर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. बाळ निळसर किंवा राखाडी दिसणे, श्वास थांबणे, कण्हत श्वास घेणे, बरगड्यांखाली खळगा पडणे, शांत असताना मिनिटाला साठापेक्षा अधिक श्वास, दूध न घेणे, झटके, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ, काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, अथवा छातीशी धरूनही अंग गार राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर फोनवर सल्ला घेत बसू नका, निघा. पोट गरम आणि पाय गार लागले, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला लगेच छातीशी घ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहा. १०८ क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

उत्तर: वाकडचे एक वडील

पैशांविषयी आणि कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. कंपनीचा समूह विमा असल्यास दोन्ही बाळांची नोंद वेगवेगळी झाली आहे का, हे आजच पाहा. बऱ्याच पॉलिसींत पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, पण कळवण्याची मुदत असते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात; तुमचे उत्पन्न त्या मर्यादेत बसत असेल तर तेथील वैद्यकीय समाजसेवकास अंतिम बिलापूर्वी भेटा, नंतर नव्हे. सरकारी रुग्णालयात तर एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत.

पत्नी नोकरी करत असल्यास २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेखेरीज मुदतपूर्व प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारपणासाठी आणखी एक महिन्यापर्यंतची सवेतन रजा कायद्यात आहे; वैद्यकीय दाखला जोडून अर्ज करावा. तुमची स्वतःची रजा मात्र आत्ता संपवू नका, मुलगा घरी येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. जन्मनोंदणीची मुदत २१ दिवसांची आहे. रुग्णालय ती महापालिकेला कळवते, परंतु दोन स्वतंत्र नोंदी, जन्मवेळेसह, बरोबर गेल्या आहेत ना, एवढे तपासा. नावे नंतर, वर्षभरात, शुल्काशिवाय घालता येतात.