इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती पाठांतराला उपयोगी पडते का?

पाचोऱ्याची विद्यार्थिनी : स्पर्धा परीक्षेसाठी मी अनोळखी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करते, परंतु आठवडाभरात निम्मे शब्द विसरतात आणि उरलेल्यांच्या अर्थांची सरमिसळ होते. शब्दाचे मूळ कळल्यास तो पक्का लक्षात राहतो, असे अनेक जण सांगतात. मात्र लॅटिनचा गंधही नसलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी?

अमळनेरकर : ताई, सुरुवात घरापासूनच करावी. कापूस बाजारात रुईचा भाव ज्या ३५६ किलोंच्या खंडीवर निघतो, तिला इंग्रजी बाजारपत्रकात ‘कँडी’ म्हणतात. ते आपल्या खंडीचेच रूप आहे. लहान मुलांची ‘कँडी’ मात्र निराळी. संस्कृत ‘खंड’, म्हणजे खडीसाखर, फारसीत ‘कंद’ झाला आणि अरबी व फ्रेंच भाषांच्या वाटेने इंग्रजीत पोहोचला. सरकी आणि रुई जेथे वेगळी होते, त्या जिनिंगमधील ‘जिन’ हा ‘एंजिन’चा संक्षेप असून त्याच्या मुळाशी लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी, हा शब्द आहे. एवढे कळले की ‘इंजिनियर’ आणि ‘इंजीनियस’ वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

धुळ्याचा वाचक : सरांचे म्हणणे मान्य आहे, पण परीक्षेत नेमका ‘इंजीनियस’चा जुळा वाटणारा ‘इंजेन्युअस’ विचारतात. स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी ‘यू’ येतो आणि कल्पक माणूस एकदम भाबडा होतो. शिवाय मूळ अर्थ आज टिकून असेलच असे नाही : ‘नाइस’ हा शब्द ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन ‘नेस्कियस’वरून आला आणि इंग्रजीतही आरंभी तो मूर्खालाच लावत असत. व्हॉट्सॲपवरील व्युत्पत्ती तर शब्दकोशात पडताळल्याशिवाय वहीत उतरवूच नये. ‘पॉश’ हा बोटीच्या तिकिटावरील चार शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, ही कथा सर्वत्र फिरते. तिला एकही पुरावा सापडलेला नाही.

पाचोऱ्याची विद्यार्थिनी : दोघांचेही आभार. मग ‘कँडिडेट’ हा शब्द यांपैकी कोणत्या ‘कँडी’चा?

अमळनेरकर : कोणत्याच नाही. लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत हिंडत, म्हणून ते ‘कँडिडेट’. आपल्या उमेदवारांच्या कडक इस्त्रीकडे पाहिल्यास हा शब्द सहसा विसरणार नाही. ‘कँडिड’, म्हणजे मोकळ्या मनाचा, हाही त्याच कुळातला आहे.