१ ऑगस्टच्या सूचनेबद्दल

सी-४०२: नमस्कार मंडळी. लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना वाचली. १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी, सकाळी ९, खालचा हॉल. त्याच कागदावर अण्णा भाऊ साठे जयंतीही घालावी, ही कमिटीला विनंती. दोघांची नुसती तारीख नाही, सालसुद्धा एकच, १९२०. मध्यरात्र उलटल्यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले, आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले.

ए-१०१: ताई, तारीख माहीत होती. साल एक आहे हे आज कळलं!

डी-२०१: असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत करत असल्याचं पत्र व्हाइसरॉयना लिहिलं त्यावर १ ऑगस्ट १९२० हीच तारीख आहे.

बी-३०४: लेकीला शाळेत दोघांवर भाषण करायचंय. तारीख सोडून आणखी काही धागा आहे का हो?

सी-४०२: आहे तर! गिरणी कामगार. जुलै १९०८ मध्ये टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशोबाने ६ दिवस गिरण्या बंद ठेवल्या. रोजावर पोट असलेली माणसं ती. पुढे अण्णा भाऊ वडिलांबरोबर गावाहून चालत मुंबईत आले, तेही गिरणीतच लागले. शाळा जेमतेम दीड दिवसाची, तरी ‘फकिरा’ लिहिली, आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लेकीला हे आवर्जून सांगू दे. माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून मला हे दोन फोटो शेजारी शेजारी बघायचेत.

ए-१०१: ‘माझी मैना गावावर राहिली’ मी म्हणेन. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची छक्कड आहे, आमच्या घरात सगळ्यांना पाठ.

डी-२०१: वा! ढोलकी मिळाली तर बघा.

सेक्रेटरी: सूचना बदलून संध्याकाळी लावतो. राहून गेलं, चूक झाली. टिळकांचा फोटो ऑफिसात आहे. अण्णा भाऊंचा कुणाकडे आहे?

बी-३०४: आमच्याकडे आहे. कोपऱ्यात काच तडकलीये, उद्या बसवून आणतो. हार दोन सांगा, सारख्याच लांबीचे.