नवीन मशीनवर विंडोज एक्सपी टाकताना निळी स्क्रीन, ७बी एरर. मदत करा

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी, आमचं लग्नपत्रिका छापायचं काम आहे, वडिलांपासूनचं. सगळं पेजमेकर ७ (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांवर, आणि फॉन्टांना मागे प्रिंटर पोर्टात लावायचं डोंगल लागतं, म्हणजे ते छोटं कुलूप लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत. पेंटियम ४ होता तो गेल्या आठवड्यात गेला, बोर्डावरचे कपॅसिटर फुगले. मग सेकंडहँड आय३ घेतला, चौथी जनरेशन, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम. एक्सपी एसपी३ची सीडी टाकली की फायली लोड होतात, खाली 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' येतं आणि लगेच निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी ७बी. सीडी बदलली, रॅम बदलली, हार्ड डिस्क पण दुसरी लावून बघितली, तेच. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते आणि वीस वर्षांच्या फायली तशाच पडल्यात.

जुनाबोर्ड:
दादा, हार्ड डिस्क चांगली असेल, विनाकारण नवीन घेऊ नका. ७बी म्हणजे सेटअपला डिस्कच दिसत नाहीये. एक्सपी २००१ची, तिच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नाही, आणि तुमचा बोर्ड साटा (डिस्कची जोडणी) एएचसीआय मोडमध्ये चालवत असणार. सीडीवरून फायली वाचायचं काम तोवर बायोस (बोर्डातलाच सुरुवातीचा प्रोग्राम) करत असतो म्हणून ते नीट होतं, एक्सपीने स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क हातात घ्यायला गेलं की आपटतं. बायोसमध्ये जाऊन साटा मोड आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, करा. एच८१वर तो पर्याय बहुतेक असतो, सहाव्या जनरेशनपासूनच्या बोर्डांत काढूनच टाकलाय, त्यामुळे तुम्ही जुनं घेतलंत ते बरं झालं. कीबोर्ड पीएस२चा (गोल पिनचा) लावा, यूएसबीचाच असेल तर बायोसमध्ये एक्सएचसीआय (यूएसबी ३) डिसेबल करा, नाहीतर ऐन सेटअपमध्ये बटणं चालणार नाहीत.

सोलापुरी_टेक:
वरचं बरोबर आहे फक्त एक, त्या डिस्कवर आधीची विंडोज १० असेल तर मोड बदलल्यावर ती चालू होणार नाही, घाबरू नका, मोड परत फिरवला की होते. आणि ७बी जाऊन ए५ एरर आला तर तो एसीपीआयचा (बोर्डाच्या पॉवर सेटिंगचा) घोळ, सेटअपच्या सुरुवातीला खाली एफ६ दाबा असं येतं ना त्याच वेळी एफ६ऐवजी एफ७ दाबायचं.

पत्रिकावाला:
झालं!! आयडीई केलं आणि पहिल्या झटक्यात पुढे गेलं, एफ७ची गरजच पडली नाही. पण आता स्क्रीन एकदम मोठमोठी दिसतेय, रंग पण फिके, पेजमेकरचं अर्धं पान बाहेर जातं. आणि बोर्डाला मागे प्रिंटर पोर्टच नाहीये, डोंगल कुठे लावू? यूएसबीची केबल मिळते तीनशेला, ती चालेल का?

जुनाबोर्ड:
केबल घेऊ नका, ती फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगलला थेट पोर्टशी बोलायचं असतं. बोर्डावर एलपीटी (प्रिंटर पोर्टचंच नाव) लिहिलेली २६ पिनांची जागा आहे का बघा, एच८१च्या बऱ्याच बोर्डांवर असते, तिला पोर्टची केबलवाली पट्टी जोडली की खरा पोर्ट मिळतो, मग बायोसमध्ये तो चालू आहे ना बघायचं. डिस्प्लेचं म्हणाल तर आय३च्या आतल्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हरच नाही, जीटी ६१० सारखं जुनं ग्राफिक्स कार्ड टाका, त्याला मिळतो.

छापखान्यातली_ताई:
दादा आमच्याकडे पण अशीच एक मशीन आहे. तिला नेट अजिबात देऊ नका, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४लाच बंद झालेत. पेनड्राइव्ह पण आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून मगच. आणि जुन्या डिस्कवरच्या फायली आजच दोन ठिकाणी कॉपी करा, फॉन्टांसकट, कारण फॉन्ट नसेल तर त्या फायलीत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, मराठी एक ओळ वाचता येत नाही.

पत्रिकावाला:
ताई, कॉपी आत्ता लावली. जुनाबोर्ड दादा, २६ पिनांची जागा सापडली, पट्टी उद्या आणतो. डोंगल चालू झालं की इथे येऊन सांगतो.