३ वर्षांची मुलगी: शाळा म्हणते घरी इंग्लिश बोला, रोज पान गिरवा. नेमकं काय करू?

वाकडची_आई
नमस्कार, मुलगी ३ वर्षांची आहे, यंदा नर्सरीला घातलंय. आम्ही दोघंही जॉबला, दिवसभर ती सासूबाईंजवळ असते, त्या यवतमाळच्या, तिच्याशी वऱ्हाडीतच बोलतात. शाळेतून सांगितलंय घरी इंग्लिशच बोला आणि रोज एक पान गिरवून घ्या. गिरवायला बसवलं की रडते, पेन्सिल फेकून देते. फ्लॅशकार्ड आणलेत, कार्ड दाखवलं की नाव सांगते पण गाडी तिथेच थांबते. संध्याकाळी मला जेमतेम तासभर मिळतो त्यातही स्वयंपाक असतो. ह्या वेळात काय केलं तर तिची भाषा फुलेल आणि पुढे वाचनाची गोडी लागेल? नवरा म्हणतो त्याच्या आईने प्रमाण मराठी बोलावं, मला ते त्यांना सांगणं पटत नाहीये.

बालवाडीताई
सासूबाईंना काहीही सांगू नका प्लीज. दिवसभर मायेने बोलणारं माणूस घरात आहे हीच केवढी जमेची बाजू आहे, वऱ्हाडी ऐकून तिचं काहीच बिघडत नाही, प्रमाण मराठी ती तुमच्याकडून, शाळेतून उचलेलच.

आता तुमचा तासभर. वेगळा वेळ काढूच नका, तिला ओट्याजवळ घ्या. मेथी निवडायला द्या, मटार सोलायला द्या आणि बोलत राहा, पण "हा कुठला रंग, हे काय" अशी परीक्षा नको, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही असं विचारा, "आज आजीबरोबर खाली गेलात तेव्हा कोण कोण भेटलं गं?" आणि मग थांबा. आपण मोठी माणसं फार लवकर दुसरा प्रश्न टाकतो, लहान मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मनात पाचपर्यंत मोजा. ती "भूभू पलाला" म्हणाली तर "पळाला म्हण" असं नको, "हो का, भूभू पळाला? कोणाच्या मागे पळाला?" एवढंच, बरोबर रूपही कानावर पडतं आणि गप्पाही पुढे जातात. फ्लॅशकार्डात ही देवाणघेवाण होत नाही म्हणून ते तिथेच संपतं.

गिरवणं सध्या बंद केलं तरी चालेल, ह्या वयात बोटांत तेवढी ताकदच नसते. कणकेचा गोळा मळू दे, शेंगा फोडू दे, खडूने फरशीवर रेघोट्या ओढू दे, हे सगळं लिहिण्याचीच तयारी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि सुरुवातीच्या वर्षांत भर खेळावरच आहे.

स्पीचथेरपिस्ट_नाशिक
ताईंशी सहमत. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा गैरसमज आहे, आमच्याकडे रोज कोणीतरी हे विचारतं. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते तीच घरी बोला. तिचे शब्द मोजायचेच तर वऱ्हाडी, मराठी, इंग्लिश सगळे मिळून मोजा.

इतर वाचणाऱ्यांसाठी पण सांगते, दोन वर्षं पूर्ण होऊनही "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडी येत नसेल, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर "बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी मोफत होते, मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि स्क्रीन: डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत अजिबात नको, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं. व्हिडिओ मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, खरी अडचण ती आहे.

बंगळुरूचा_बाबा
आम्ही मराठी पुस्तकं मिळत नाहीत म्हणून अडलो होतो, मग प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट सापडली, मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, फुकट, लेव्हलप्रमाणे लावलेल्या. फक्त फोन तिच्या हातात देऊ नका, मांडीवर घेऊन तुम्ही वाचा, शब्दाखाली बोट फिरवा, मधेच थांबून "आता काय होणार?" विचारा. तेच पुस्तक रोज मागेल, कंटाळू नका, काही दिवसांनी तीच तुम्हाला ते "वाचून" दाखवेल, पान बघून आठवणीतून सांगेल, ते खरंच वाचनाकडेच जाणारं पाऊल आहे.

वाकडची_आई
खूप धन्यवाद सगळ्यांना, डोक्यावरचं ओझंच उतरलं. ताई, मग अक्षरं आणायचीच नाहीत का? शाळेत बाकीची मुलं लिहितात.

बालवाडीताई
आणा ना, पण ती रोज बघते तिथून आणा. डब्यावर तिचं नाव लिहा, बसची पाटी, दुधाची पिशवी, कॅलेंडर वाचून दाखवा. किराण्याची यादी तिच्यासमोर मोठ्याने बोलत लिहा, तिलाही कागद द्या, ती रेघोट्या मारून "साखर" म्हणेल, म्हणू दे. टाळ्यांचा खेळ खेळा, ब-टा-टा तीन टाळ्या, कां-दा दोन, मराठीत अक्षर म्हणजे साधारण एक टाळी, त्यामुळे पुढे तुकडे जोडून वाचताना हे फार उपयोगी पडतं. मग तिच्या नावाचं पहिलं अक्षर कुठे दिसतं ते शोधा, मुलं आपलं अक्षर दुकानाच्या पाटीवरही हुडकतात! शाळेशी भांडू नका, बाईंना सांगा की घरी रोज गोष्ट वाचतो, लिहायला हात तयार झाला की गिरवेल. आणि सासूबाईंना म्हणा त्यांच्या लहानपणच्या गोष्टी रोज दुपारी सांगा, वऱ्हाडीतच.