मदत हवी आहे : पायथॉन टूलच्या फंक्शनांचं डॉक्युमेंटेशन मराठीत

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्ट्यांवरून (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) हिशेब काढणारं आर्गपार्सवरचं (कमांड-लाइनवरचे ऑप्शन वाचणारी पायथॉनची लायब्ररी) टूल आहे, 14 फंक्शनं. वापरणारे अडतीकडचे दिवाणजी, म्हणून हेल्प मराठीतच हवी.

प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) आहे: पहिल्या ओळीत काम, मग आर्ग्युमेंट, परतावा, एरर. एकक लिहिणं मी सक्तीचं धरतो. 'वजन: किलोत' नसेल तर कुणीतरी क्विंटल देतो आणि रक्कम शंभरपट कमी येते, एररही येत नाही.

डॉकस्ट्रिंगांवरून डॉक्युमेंटेशन बनवणारं स्फिंक्सचं ऑटोडॉक माझं मोड्यूल इम्पोर्ट करतं, त्यामुळे पार्स-आर्ग्ज मेन फंक्शनमध्ये नेलं आणि त्याची हाक नेम-मेनच्या इफखाली (फाइल थेट चालवली तरच चालणारा भाग) ठेवली. नाहीतर ते स्फिंक्सचेच ऑप्शन वाचून बाहेर पडतं. हेल्पमधलं '10%' दोन टक्केचिन्हांनी लिहिलं. डिस्क्रिप्शनच्या ओळी एकत्र होत होत्या, त्या रॉ-डिस्क्रिप्शन फॉर्मॅटरने सुटल्या.

अडलंय ते इथे. आर्गपार्स रुंदी लेनने (स्ट्रिंगची लांबी सांगणारं फंक्शन) मोजतं. 'किंमत' डोळ्यांना तीन अक्षरं, पण वेलांटी आणि अनुस्वार धरून लेन पाच सांगतं. मेटाव्हार (हेल्पमध्ये आर्ग्युमेंटच्या व्हॅल्यूच्या जागी दिसणारं नाव) मराठीत दिला की उजवा रकाना वाकडा होतो, ओळीही लवकर तुटतात.

1. हेल्पफॉर्मॅटरचा (हेल्पची मांडणी करणारा क्लास) सबक्लास करून डब्ल्यूसीविड्थने (अक्षरं टर्मिनलवर किती जागा घेतात ते सांगणारी लायब्ररी) रुंदी मोजणारं कुणी लिहिलंय का? नेमक्या कुठल्या मेथड बदलल्या? टर्मिनलनुसार जोडाक्षरांची रुंदी बदलते, तेही सांभाळायचंय.
2. सबकमांडची हेल्प डॉकस्ट्रिंगच्या पहिल्या ओळीतूनच घ्यावी, की वेगळी लिहावी? दोन ठिकाणी लिहिलं की एक जुनं राहतंच.

तुमच्या कोडचा तुकडा टाकलात तर फार उपयोग होईल. पायथॉन 3.11, विंडोज.